आठच्या वेगानं

उदगीरच्या कोर्टासमोर, नाल्याच्या कडेला माझं दुकान:
झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो,
आणि एक जुना लॅपटॉप, ज्याच्या कुशीत अजून सीडीचा खण आहे.
तालुक्यात असे दोनच उरले होते म्हणतात.
दुसरा ज्याचा होता तो हैदराबादला गेला.

"तीन सीड्या मारून द्या," शिवलीलाबाई म्हणाल्या.
एक कोर्टाला, एक समोरच्याला, एक आपल्याला.
समोरचा म्हणजे सख्खा भाऊ.
अकरा मिनिटांचं बोलणं, मोबाइलवर धरलेलं.

पहिली सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकली.
सत्त्याण्णव! म्हणजे सगळं लिहून झालं
आणि सहीच्या वेळी पेन वाळलं.
दुसरी आत गेली, घरघरली, बाहेर आली.
मशीन म्हणालं, कोरी डिस्क घाला.
कोरीच होती.
तिसरी त्यानं ओळखलीच नाही.

मग खण उघडला. भिंगावर फुंकर मारायची नसते,
थुंकीचा शिंतोडा बसतो.
मुजीबनं कापसाची काडी आणली, थेंबभर स्पिरिट,
आणि तान्ह्याला काजळ घालतात तशा हातानं पुसलं.
एप्रिल. पत्र्याखाली बेचाळीस.
लॅपटॉपखाली स्टीलचं ताट उपडं घातलं, ताटाखाली ओला पंचा.
व्हायरसचा पहारेकरी झोपवला, नेट तोडलं.
लाईट होती, पण अशी, की पंख्याची पाती मोजता यावीत.

प्रत्येक सीडी तपासायला पहिलं वाक्य वाजवायचो.
चौथीतून आलं, "शिवले, जेवलीस काय गं?"
पुढं नुसती खरखर.
पाचवी "शिवले, जे" एवढं बोलून गप्प.
सहावी तिथंच अडकली:
जेवलीस काय, जेवलीस काय, जेवलीस काय,
मी बटण शोधेपर्यंत.
"जेवले रे बाबा," बाई स्पीकरला म्हणाल्या.
मुजीब हसला. मग त्याही.
मग तिघंही झेरॉक्सकडं बघत बसलो.

मी म्हटलं, ताई, सुरुवातीचं काढून टाकू का?
मुद्द्याचं तर चौथ्या मिनिटाला आहे, तो म्हणतो ते,
"हिस्सा तुझाच हाय, फक्त कागदावर मागू नको."
"वकीलसाहेब म्हणले, काटछाट चालत नाही."
जरा थांबून,
"आन् चालत असली तरी राहू द्या."

शेवटी वेग उतरवला. अठ्ठेचाळीसवरून आठ.
हे पहिल्यांदाच करायला पाहिजे होतं,
पण दारात माणसं उभी असली की मीही घाईच निवडतो.
आठच्या वेगानं ते असं लिहायला लागलं
जसा नवा बेलीफ समन्स वाचतो,
बोट ठेवून, काना-मात्रा न गाळता.

आणि मग त्यानं विचारलं, सेशन बंद करायचं?
"सेशन कोर्ट?" बाई दचकल्या. "आमचं तर दिवाणीत हाय."
तसं नाही ताई. उघडं ठेवलं तर माझ्याच मशीनला दिसेल,
कोर्टात घातली की कोरी.
बंद केलं की कुठंही वाजते,
फक्त तिच्यात नंतर काही जोडता येत नाही.
"अन् नंतर त्यानं फोन केला तर?"
मग नवी सीडी.
त्यांनी पदराच्या टोकानं ताटाची कड पुसली.
कड कोरडीच होती.
"करा."

मार्करनं एकीवर लिहिलं कोर्ट, एकीवर प्रतिवादी.
तिसरीवर काय लिहू?
"राहू द्या तशीच."

वाया गेलेल्यांचे पैसे मी घेत नाही.
त्या सहाही त्यांनी मागून पिशवीत टाकल्या.
सूर्यफुलावर राघू बसतात, दोरीला टांगायच्या म्हणे.
शेत कुठलं, हे विचारायचं राहिलं.
वादातलंच असलं
तर भावाच्या हिश्श्यातले राघूही उडतील.